निर्मनुष्य अरण्यात एक दिवस

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, पण प्रवासवर्णन आधीच लिहून ठेवले तर तो निघण्यापूर्वीच शहाणा होतो. आमच्या कांदिवलीच्या निसर्गोपासक मंडळाची हीच रीत. १९५४ च्या श्रावणात बोरिवलीच्या रानातल्या विश्रामगृहाला भेट द्यायचे ठरले, तेव्हा मी (चिटणीस) माझे व्याख्यान आठवडाभर आधीच लिहून मोकळा झालो. सहल रविवारी, व्याख्यान पुढल्या शनिवारी. मधले दिवस कचेरीत लोकांचे अर्ज निकाली काढण्यात जातात, मग लिहायचे कधी? विषय होता 'निर्मनुष्य अरण्यात एक दिवस'. हँडबिलेही वाटून झाली होती.

सत्तावीस सभासद येणार होते. आलो दोघे, मी आणि खजिनदार मार्तंड. (बाकी पंचवीसांपैकी अकरा जणांचे पोट बिघडले, नऊ जणांकडे पाहुणे आले आणि पाच जणांना मंडळ कुठले तेच आठवेना.) सामान येणेप्रमाणे: काठ्या दोन, दुर्बीण एक (एकाच डोळ्याने दिसणारी), चकल्यांचा डबा एक, बिबट्या भेटल्यास वाजवायची थाळी एक.

वाटाड्या भिकाजी त्याच रानातल्या पाड्यावर राहणारा. सामान त्याच्या डोक्यावर आणि धाप आम्हाला. तो "जपून या सायेब, निसरडं हाय" म्हणाला की मी वहीत 'जीवघेणा चढ' अशी नोंद करी. तोच चढ एक बाई डोक्यावर गवताचा भारा आणि कडेवर पोर घेऊन भराभर उतरून गेली. तिची नोंद केली नाही, कारण व्याख्यानात बाई नव्हती.

विश्रामगृहाला कुलूप होते. आम्ही अर्जात परवानगी मागितली होती, किल्ली मागायची राहिली होती. भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा भिकाजीने आम्हाला घरी नेले. त्याच्या बायकोने, पुतळाबाईने, तांदळाची भाकरी आणि रानभाजी वाढली. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. खोटे कशाला सांगू, इतके गोड जेवण वर्षात जेवलो नव्हतो. पाड्यात झोपड्या एकोणीस, माणसे शंभराला चार कमी, आणि सगळी मला जेवताना बघायला जमलेली.

हात धुतल्यावर भिकाजीने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला. पाड्याची जागा मोकळी करायची नोटीस आली होती. आमची घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेवढी नोंदवा, असा त्याचा अर्ज होता. खाली शेरा होता: 'सदर ठिकाणी मनुष्यवस्ती आढळत नाही. सबब नामंजूर.' शेऱ्याखालची सही फार वळणदार होती. पगारपत्रकावर दर महिन्याला मी तीच करतो.

"तुमी लिवणारं मानूस," भिकाजी म्हणाला. "आता घर बगितलंत, जेवलंत. घर हाय, येवढं लिवा ना."

"शनिवारी चार लोकांसमोर सांगतो," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो. मला स्वतःची लाज वाटली. ती कांदिवली येईपर्यंत टिकली.

स्टेशनाबाहेर मार्तंडाने अडचण काढली. "तू पाडा घातलास, तर निर्मनुष्यचं काय करायचं रे? चारशे हँडबिलं वाटलीत यार. वाट लागेल आपली."

मुद्दा बिनतोड होता.

व्याख्यान झकास झाले. हजेरी तीनशे बारा, टाळ्या अकरा वेळा. 'मैलोन्‌मैल माणसाची चाहूल नाही' या वाक्याला सर्वांत लांब टाळी पडली. मंडळाने ते पुस्तिका करून छापले. पुढे भिकाजीचा दुसरा अर्ज माझ्या टेबलावर आला, तेव्हा प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल जोडणे आवश्यक होते. मी पुस्तिका जोडली.

आता तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा. म्हणा बापडे. पण त्या शनिवारी तिसऱ्या रांगेत तुम्हीच होतात ना? भिकाजी आठ मैल चालून आला होता आणि दाराशी उभा होता. माझ्या त्या वाक्यावर तो हळूच म्हणाला, "सायेब, आन आमचं घर?" तेव्हा मान वळवून, पुढचे नीट ऐकू यावे म्हणून, त्याला गप्प तुम्हीच बसवलेत.