स्क्रू पिळला गेला

तक्रार निवारण कार्यालयाच्या अधीक्षकांची स्वतःची गाडी काही दिवसांपासून उभ्या जागी गुरगुरत होती. पेडलवरून पाय काढला तरी इंजिन खाली यायला तयार नसे. सिग्नलला शेजारची मंडळी काच खाली करून बघत, की हा सद्गृहस्थ शर्यत लावतोय की काय. साहेबांनी तक्रारीची दखल घेतली, म्हणजे ती कानाआड केली.

मंगळवारी त्यांची बायको सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली. फाटकापाशी तिने पाय काढला, पण गाडीने पुढेच मुसंडी मारली. ती ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली म्हणून निभावलं. पहारेकऱ्याने मात्र कुंपणात उडी घेतली आणि त्याचा पाय मुरगळला.

"मी पुन्हा त्या गाडीला हात लावणार नाही," तिने घरी आल्या आल्या जाहीर केलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चौकशी समिती बसली. अध्यक्ष साहेब, सचिवही साहेबच, साक्षीदार त्यांची आई. पहिला निष्कर्ष: पाय जड.

"माझा?" बायको कडाडली.

"कोणाचंही नाव घेतलेलं नाही. 'संबंधित पाय' असं लिहिलंय."

दुसरा निष्कर्ष: पहारेकरी नको त्या जागी उभा होता.

"अरे, पहारेकरी फाटकात नाही तर काय गच्चीवर उभा राहील?" आई म्हणाली. साक्षीदार फितूर झाल्याची नोंद करण्यात आली. अहवाल नऊ पानांचा झाला. गाडी होती तशीच गुरगुरत राहिली.

सकाळी बायकोने परस्पर मेकॅनिकबाईंना बोलावलं. बाईंनी हवेचा पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि काळंकुट्ट बोट साहेबांच्या नाकासमोर धरलं.

"इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप काजळीनं चिकटतेय. पूर्ण मिटतच नाही. आधी गाडी सिग्नलला बंद पडायची का?"

"पडायची."

"या घाणीनंच हवेची वाट अडून. साफ करायचं सोडून कोणीतरी हा स्क्रू पिळून इंजिनचा वेग चढवून ठेवलाय."

साहेब गाडीच्या टपाकडे बघू लागले. "स्क्रू... पिळला गेला असावा."

"आपोआप?" बायकोने विचारलं.

"व्हिडिओ बघून," साहेब पुटपुटले. "मी पिळला."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या वाक्यात कर्ता प्रथमच हजर झाला होता. त्यांना दरदरून घाम फुटला.

बाईंनी झडप धुतली, स्क्रू सैल केला. इंजिन इतकं निवलं की ते चालू आहे की नाही हे वाकून ऐकावं लागलं. साहेब तडक दवाखान्यात गेले. पट्टी बांधलेला पहारेकरी स्टुलावर बसला होता.

"तुमचा पाय माझ्यामुळे मुरगळला," साहेब एका दमात म्हणाले. "माझं चुकलं."

पहारेकरी बावरून उठू लागला. "नाही साहेब, तसं काही नाही. काल फाटक उघडायलाच जरा उशीर झाला."

"कोणाकडून?" हा प्रश्न साहेबांच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

वाचकहो, आता 'हसू आलं' असं मोघम सांगू नका. कोण हसलं, ते नावासकट कळवा.