आठ शब्दांचं कुलूप

आमच्या प्रकाशभाऊजींच्या खोलीत मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिलेलं आहे आणि साखरेच्या डब्यावर 'मोटारचे नटबोल्ट'. चोर आला तर त्याचा चहा बिघडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आजवर चोर आला नाही. भाऊजींचा स्वतःचाच चहा तीनदा बिघडला, आणि तिन्ही वेळा त्यांनी तो गुपचूप पिऊन टाकला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. आसेगावात आमच्याच घरी, वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतात.

ते काम मला समजलं आमच्या गच्चीमुळे. गच्ची दोन घरांची सामाईक. आमचे पापड आणि शेजारच्या कमलकाकूंच्या कुरडया एकाच जागी वाळतात. तशीच भाऊजींच्या कंपनीची इंटरनेटवर एक सामाईक जागा आहे. सगळे आपापले प्रोग्राम तिथे लिहून ठेवतात, कोणीही कोणाचं उघडून पाहतं. पण त्यातच पासवर्डांच्या फाइलीही असतात. त्या भाऊजी कुलपात घालतात. मग फाइल दिसते सगळ्यांना, उघडली की नुसती अक्षरांची खिचडी.

"दिसलं तं दिसू द्या, वहिनी," ते म्हणतात, "समजलं नाही पाह्यजे."

कुलपाची किल्ली त्यांच्या लॅपटॉपमध्ये. तो बिघडला तर दुसरी हवी, म्हणून त्यांनी आठ शब्द ठरवले. एक सोडून एक असे चार सासूबाईंकडून पाठ करून घेतले, उरलेले चार कमलकाकूंकडून. मग शब्द लिहिलेला कागद चुलीत टाकला आणि स्वतः विसरून गेले.

"तुमी कायले विसरले?" मी विचारलं.

"मी झोपीत बडबडतो ना."

आणि या दोघीच का? तर कमलकाकू सासूबाईंच्या चुलत जाऊ, आणि दोघींचा नऊ वर्षांपासून अबोला. एका पंगतीत काकूंनी सासूबाईंचे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आतून कच्चे आहेत म्हटलं होतं.

"याच्याहून पक्कं कुलूप बाजारात भेटत नाही," भाऊजी म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी वीज कमीजास्त झाली आणि लॅपटॉप जळाला. नेमका त्याच दिवशी साहेबांचा फोन. बारापर्यंत फाइल उघडली नाही तर उद्यापासून कामावर येऊ नका. भाऊजी तसेही कधी जात नव्हते, पण चेहरा पार उतरला.

जुना लॅपटॉप घेऊन ते खाली आले आणि दोघींना ओसरीवर बसवलं.

"पयले तिले म्हणाव, रोडगे पक्के होते म्हण," सासूबाई म्हणाल्या.

काकू भिंतीकडे वळल्या. "भिंतीबाई, सांग तिले. मधात कच्चेच होते."

"माय, माही नोकरी चालली!" भाऊजी ओरडले. साडेअकरा झाले होते.

सासूबाईंनी पदर सावरला. पुढचे शब्द मी माझ्या मनचे लिहिते, खरे लिहिणार नाही.

"उडीद."

काकूंनी भिंतीलाच सांगितलं, "जावई."

"सायकल!"

"चिमणी!"

"तवा!" हा असा, की आता फेकूनच मारतात.

"बुधवार!"

"उंट!" सासूबाईंनी थेट काकूंच्या तोंडाकडे पाहून म्हटलं.

"तूच!"

भाऊजींनी तेही टाइप केलं. कुलूप उघडलं नाही.

"काकू, आठवा शब्द 'तूच' हाय काय?"

"कंदील," काकू हळूच म्हणाल्या. सासूबाईंना हसू आलं. ते लपवायला त्या खोकल्या, तर काकूंनीच पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. बाराला दहा कमी असताना फाइल उघडली. नोकरी वाचली.

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता दोघींना ओसरीवर यावं लागतं. कुलूप चालवून पाहिलं नाही तर जाम होतं, असं भाऊजींनी सांगितलं आहे. दोघी येतात, आठ शब्द म्हणतात. मग आल्याच आहेत म्हणून गुडघ्यांचं निघतं, सुनांचं निघतं, दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. भाऊजी तिकडे पाठ करून, लॅपटॉपवर वाकून बसतात. "थांबा, उघडून राह्यलं," मधूनमधून म्हणतात.

गेल्या शनिवारी मी चहा घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले. लॅपटॉप चालूच नव्हता. काळ्या काचेत दोन पांढरी डोकी दिसत होती, एकमेकींजवळ झुकलेली. भाऊजी तेच पाहत होते.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कप ठेवला आणि आत निघून आले.