भैरवीतली मोटर

ब्राह्मणपुरीच्या योगेंद्रभाईंनी तीस वर्षं केळी पिकवली आणि कविता लिहिल्या. केळी ट्रक भरभरून दिल्लीला गेली, कविता मात्र घरातच राहिल्या. घरात ऐकणारी एकच, बायको कामिनी, आणि तिनं आजवर एकही कविता शेवटपर्यंत ऐकली नव्हती. "मन्हं दूध चुल्हावर शे," म्हणून ती मधेच उठायची.

तिनं एकदा तरी पूर्ण ऐकावं, एवढीच भाईंची हौस. त्यामुळे शहाद्याचे हेमकांत गुरुजी त्यांच्या कविता रागदारीत बांधून मैफल करतो म्हणाले, तेव्हा भाईंनी वही होती तशी उचलून दिली.

मैफल पुरुषोत्तमनगरला ठरली. कामिनी पहिल्या रांगेत. "आज सात कविता, सात राग," गुरुजी म्हणाले. त्या वहीत तर सहाच होत्या. पण कलावंत माणूस, मोजताना चुकला असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

सहा झाल्या. कामिनीनं चार जांभया दिल्या आणि फोन करून दुधाची चौकशीही केली. भाईंचा जीव थोडा थोडा होत होता.

"आता भैरवी. हिच्यात प्रकाशाची आस आहे, विरह आहे," असं सांगून गुरुजींनी डोळे मिटले. "लाईट अकराला येणार... मोटर लावा, लिहीत बसू नका..."

भाईंना दरदरून घाम फुटला. मोबाईल बघत नाहीत, वही मात्र बघतात, म्हणून कामिनी त्यांच्यासाठी निरोप वहीतच लिहून जायची, तोही शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत. तिचं अक्षर भाईंपेक्षा देखणं. गुरुजींना ती सातव्या कवितेची पक्की प्रत वाटली, आता काय करता?

"हाई तं मन्ही चिठ्ठी शे," कामिनी कुजबुजली.

"गुपचूप बस. लोक आयकी ऱ्हायनात."

"त्या दिन मोटर लायी व्हती का तुम्ही?"

भाईंनी छताकडे पाहिलं.

गुरुजी "भाकर झाकली आहे, माझी वाट पाहू नका" या ओळीवर आले आणि तिथेच घोळत राहिले. नुकतीच लेक सासरी पाठवलेले जालमसिंग आबा खुशाल रडायला लागले. कामिनी हलली नाही. दूधबीध सगळं विसरली.

टाळ्या थांबेनात. गुरुजींनी शाल आणली. "भाई, ही सातवी सुचली कशी?"

भाईंच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण त्यांनी शेजारी पाहिलं आणि म्हणाले, "ही हिची आहे." शाल कामिनीच्या खांद्यावर गेली. ती लाजली, आणि भाईंना फार बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी हळूच विचारलं, "आनि मन्ह्या सहा?"

"बऱ्या व्हत्यात. जराशा लांब व्हत्यात."

सकाळी वही टेबलावर उघडी होती.

'चहा थर्मासात आहे.
साखर कमी आहे.
केळी तहानली आहे.'

खाली बारीक अक्षरात: 'चाल गुरुजी लावतील, मोटर तुम्ही लावा.'

भाईंनी चिठ्ठी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली आणि चहाआधी मोटर लावायला निघाले.