निव्वळ वजन

काटेवाल्याचा सगळा जन्म वजनात गेला होता. मालाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा करायचं आणि पावतीवर निव्वळ वजन छापायचं, हे त्याचं काम. दिवसाला शेकडो टन त्याच्या बोटाखालून जात. पण बायको न्हाणीघरात घसरली, मांडीचं हाड मोडलं आणि तिला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची वेळ आली, तेव्हा त्याला कळलं की आपण आयुष्यभर वजन नुसतं वाचत आलो. उचललं कधीच नाही.

तिला उचलायला समोरचा सुतार सकाळ-संध्याकाळ येई. तो महिनाअखेरीला दुसऱ्या गावी कामाला निघाला होता, आणि डॉक्टरांनी आणखी दोन महिने पायावर भार द्यायला बंदी केली होती. मेहुण्याने पलंगाशेजारी उभं राहूनच निकाल दिला.

"ताईला मी घेऊन जातो, भाऊजी. तुम्हाला बादली उचलताना धाप लागते."

"महिनाभर थांब," काटेवाला म्हणाला. "मी बघतो काय ते."

काय बघणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ती भावाकडे आठ दिवस गेली तरी त्याला त्या दोन खोल्या खायला उठत. आता ती कायमची गेल्यासारखीच जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं आणि त्या विचाराने तो आतून पार खचला होता.

पहिला प्रश्न, उचलायचं किती? बायकोला उभं राहता येत नव्हतं, म्हणजे साधा काटा निरुपयोगी. मग तपासणीला नेताना त्याने टेम्पो वाट वाकडी करून आपल्याच काट्यावर घेतला. एकदा बायकोसकट, आणि तिला घरी सोडल्यावर एकदा रिकामा. यंत्र माल कोणता ते टाकल्याशिवाय पावती देत नसे. त्याने थोडा विचार करून 'घरगुती' असं टाकलं. पावती आली : माल घरगुती, निव्वळ सत्तर किलो. ती त्याने जपून शर्टाच्या खिशात ठेवली.

मग त्याने गुपचूप जिम गाठली. बायकोला सांगितलं असतं तर "या वयात कंबर मोडून घ्याल" म्हणून तिने शपथच घातली असती. तेव्हा काट्यावर गाड्या वाढल्यात, उशीर होतो, असं त्याने घरी ठोकून दिलं.

जिमचा मास्तर भला माणूस होता. पण काटेवाल्याचा हिशेब सरळ होता : उचलायचं सत्तर, तर सुरुवात चाळिसापासून. चौथ्या दिवशी कमरेत कट्ट झालं आणि दोन दिवस तो काट्याच्या खोलीत प्रश्नचिन्हासारखा वाकून बसला.

"अहो काका, जडच उचललं पाहिजे असं कोणी सांगितलं?" मास्तर म्हणाला. "हलकं घ्या. फक्त हात आता उठतच नाही म्हणेपर्यंत उचलत राहा. स्नायूला पावती वाचता येत नाही. तो दमला की झालं."

काटेवाल्याला ते पटेना. आयुष्यभर किलोला किलो म्हणणारा माणूस तो. पण कमरेपुढे कोणाचं चालतं? एका संध्याकाळी घराच्या ओट्यावर उभं राहून त्याने मास्तरला फोन केला.

"नाही हो, जड आता माझ्याच्याने झेपत नाही. कंबर गेली माझी. आता हलकंच बघतो... छे, छे, घरी कुठे बोललोय!"

आतल्या खोलीत पलंगावर बायको जागी होती. तिने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या धुवायच्या शर्टाचे खिसे तपासताना तिला ती पावतीही सापडली.

तिथून घरावर एक अवकळा आली. काटेवाला उशिरा येई, हात लोंबत असत. बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. "जेवलीस?" तो विचारी. "हो," ती म्हणे. दुपारचं आणि रात्रीचं ताट शेजारीण तिच्यासमोर ठेवून जाई, त्यामुळे त्याला संशय यायचं कारण नव्हतं. बदल एकच झाला होता. खिडकीत बसणारी शेजारणीची मांजर भलतीच गुटगुटीत झाली होती. सरावासाठी म्हणून त्याने एकदा तिला उचलून पाहिलं, तेव्हा हात भरून आले.

महिना संपायला तीन दिवस असताना तो घरी आला, तर दारात भरलेली बॅग आणि बॅगेशेजारी मेहुणा.

"आता हे काय? अजून तीन दिवस आहेत!"

"ताईनेच बोलावलं," मेहुणा खाली बघत म्हणाला.

"जड झाले ना तुम्हाला मी?" बायको भिंतीशीच बोलली. "जाते. बघा मग एखादी हलकी."

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच. फोनवर. वर पावतीही फाडलीत माझी. माल घरगुती!"

काटेवाल्याने हातातली पिशवी टाकली, तो पलंगापाशी गेला, हात तिच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली घातले आणि देवाचं नाव घेऊन उचललं.

ती उचलली गेली. अगदी अलगद. मेहुण्याचा आ वासला. मास्तर खरं बोलत होता, हलक्यानेच काम झालं, या आनंदात काटेवाला तिला घेऊन क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस. भार कमी भरतोय हे त्याला कळल्याशिवाय कसं राहील?

"तू जेवतेस ना गं?"

तेवढ्यात खिडकीतून मांजरीने धप्पकन खाली उडी मारली, आणि तिघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. तिला खुर्चीत बसवून, तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारून त्याने जिम, मास्तर, कंबर, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ते जड न् हलकं..."

"डंबेल गं. लोखंडाची!"

ती आधी रडली, मग हसली, मग हसता हसता पुन्हा रडली. मेहुण्याने मुकाट्याने बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

काटेवाल्याने तिच्यापुढे ताट ठेवलं. "आता पोटभर जेव."

"आणि पुन्हा जड झाले की?"

"एकदम नको होऊस. आठवड्याला अर्धा किलो चढव. मास्तर म्हणतो, वजन असंच वाढवत न्यायचं असतं."

तिने ताट पुढे ओढलं. मांजर थोडा वेळ खुर्चीपाशी वाट बघत बसली, मग उठली आणि जड पावलांनी आपल्या घरी निघून गेली.