व्याह्यांकडचा जिगरभाई

सरडा घरात राहायला येणार हे ऐकल्यावर मंगलाबाईंनी आधी पलंगावर पाय वर घेतले आणि मग विचारलं, “कितला दिन?”

“पंधराच दिन, माय,” ललित म्हणाला. “उज्ज्वला ट्रेनिंगले अमदावादले जाई ऱ्हायनी. तिन्हा सरडा आपला घर ठेवना शे.”

“शी माय! घरमा झुरळ दिसनं तरी मी झाडू घेस. आन् तू सरडा आनी ऱ्हायना?”

उज्ज्वला ही ललितची होणारी बायको. राहायला सुरतेतच, कोसाडला. दोघंही सुरतच्या एकाच कापड मार्केटात वेगवेगळ्या मजल्यांवर बसून कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढत. जिला दिवसभर साडीवर मोर आणि पोपटच काढावे लागतात, तिनं घरी जाऊन सरडा पाळला तर तिचं काय चुकलं, असं ललितचं म्हणणं होतं. अर्थात साखरपुडा झाल्यापासून उज्ज्वलाचं काहीच चुकत नाही असंही त्याचं म्हणणं होतं.

सरडा रिक्षातून आला. आपल्या रानातला नव्हे, परदेशी जातीचा, रीतसर कागदपत्रांचा. हिरवागार, डोक्यावर तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. नाव जिगर. उज्ज्वलानं ललितच्या लिंबायतमधल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी जाळीचा उभा पिंजरा मांडला, रातकिड्यांचा डबा आणि किड्यांवर भुरभुरायच्या पांढऱ्या, जीवनसत्त्वांच्या पावडरीची डबी शेजारी ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “एक दिवसाआड चार किडे. पावडर आठवड्यातून एकदाच, चिमूटभर. तो कितीही बघू दे, त्यापेक्षा जास्त द्यायचं नाही.”

मग जिन्यात तिनं ललितला एकट्याला गाठलं.

“एक ऐकून ठेव. जिगर कसा राहतो त्यावरून मला कळेल, तुमच्या घरात सुनेनं सांगितलेलं ऐकतात की नाही. मला इथं अख्खा जन्म काढायचाय. तो नीट परत आला नाही तर लग्नाची तारीख मी पुढं ढकलेन. आणि मग ढकलतच जाईन.”

ललित हसला. उज्ज्वला हसली नाही. त्यामुळे ललितनंही अर्ध्यावरच हसणं थांबवलं.

आता इथवर मंगलाबाईंचे पाय पलंगावरच होते, आणि ते तिथंच राहिले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण शेजारच्या मालतीबाई दारातून डोकावल्या आणि त्यांनी विचारलं, “कोन उनं शे वं?” मंगलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “याहीकडला शे.”

व्याह्यांकडचा! स्वतःचाच शब्द कानावर पडला आणि मंगलाबाई पलंगावरून खाली उतरल्या. खानदेशातून सुरतेला येताना त्यांनी शेत सोडलं होतं, विहीर सोडली होती, पण पाहुण्याला आग्रह करणं सोडलं नव्हतं. त्यात पाहुणा मुलीकडचा. तो ‘नको’ म्हणाला तर एक वाढायचं, हातानं ताट झाकलं तर हाताच्या फटीतून वाढायचं. आणि हा पाहुणा तर ‘नको’ म्हणतही नव्हता. नुसता बघत होता.

“चार किडामा कोनं पोट भरस का?” रात्री जेवताना त्या म्हणाल्या.

“माय, तिनी सांगेल शे.”

“ती सांगीन. पोरगी शे ती. पाव्हना भुक्या ऱ्हायना तर याही काय म्हनतीन?”

“त्याले काहीच खावाले देवानं नही!” ललितनं बजावलं. मंगलाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की ऐकलं असा अर्थ होत नाही, हे ललितला इतकी वर्षं त्या घरात राहून कळायला हवं होतं.

आठवडा उलटला आणि जिगरच्या मानेवर दोन्ही बाजूंना टेंगळं आली. डोक्यावरचा तुराही कडेनं फुगला. मान अशी भरली की रुद्राक्षाची माळ गिळल्यासारखी दिसे.

“माय, त्यानी मान दख! सुजेल शे!”

“गालफुगी व्हयनी,” मंगलाबाई ताबडतोब म्हणाल्या. “तुले पन व्हयेल व्हती धाकला व्हता तवय.”

उखाभाऊ, म्हणजे ललितचे वडील, पिंजऱ्याजवळ आले. आयुष्य पावरलूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. “थंडी लागनी व्हई त्याले!” ते ओरडले आणि जिगर दचकून काळा पडला. एवढं पाहून मालतीबाईंनी निदान केलं की नजर लागली आहे. लगेच मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मिरच्यांच्या ठसक्यानं सगळी चाळ खोकली. एक जिगर तेवढा खोकला नाही, त्यामुळे नजर मोठी आहे असं ठरलं.

तिकडे उज्ज्वलाला रोज संध्याकाळी फोटो हवा असे. ललितनं त्या दिवशी जिगरचा पाठमोरा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी नुसत्या शेपटीचा.

“मागूनच का काढतोस?” तिनं फोन करून विचारलं.

“तो लाजतो.”

“जिगर? तो माझ्या मामांकडे बघून जीभ काढतो!”

“नवीन घर आहे ना,” ललित म्हणाला आणि घाम पुसला.

तिसऱ्या दिवशी ललित कामावरून आला तर जिगर गळ्यापासून छातीपर्यंत पिवळाधमक. ललित तिथंच खाली बसला. “कावीळ! माय, याले कावीळ व्हयनी!”

“कशानी कावीळ?” मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या. “मी हळदना लेप लाया. सूज उतरस.”

“तुना आधी यालेच हळद लागनी!” उखाभाऊ ओरडले आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. ललितला मात्र हसू येईना. ही हळद जिगरला लागली, पण आपल्याला लागेल की नाही, याचीच त्याला धास्ती पडली होती. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. ट्रेनिंग लवकर आटोपलं होतं. उज्ज्वला उद्या दुपारी थेट स्टेशनवरून लिंबायतला येणार होती.

सकाळी उजाडताच ओल्या फडक्यानं हळद पुसून, पिंजरा ओढणीत गुंडाळून वरात कतारगामला जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाली. ललित मांडीवर पिंजरा घेऊन, एका बाजूला मंगलाबाई, दुसऱ्या बाजूला उखाभाऊ. मालतीबाईंनाही यायचं होतं, पण रिक्षात जागा नव्हती. तर त्या रिक्षावाल्याच्या शेजारी बसल्या.

डॉक्टर भूपेंद्रभाई शांत गृहस्थ होते. त्यांनी जिगरला हातावर घेतलं, मान चाचपली, तोंड उघडून पाहिलं, वजन केलं, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा वजन केलं.

“गांठ नथी,” ते म्हणाले. “गळ्यात पाणी साठलंय आणि डोक्यावर चरबी. शुं खवडावो छो आने?”

“एक दिवसाआड चार किडे,” ललित छातीठोकपणे म्हणाला.

“अने?”

“बस, एवढंच.”

“ना, भाई. हे चार किड्यांचं शरीर नाही.”

बाकावरचा एक पांढरा कुत्राही ऐकू लागला. मंगलाबाईंनी पदर सारखा केला.

“मी दुपारले दोन देस,” त्या हळूच म्हणाल्या. “तो बिचारा माले दखस. आन् ती पांढरी पावडर टाकस वरथून. वरनवर तूप टाकतस तशी.”

“रोज?” डॉक्टरांनी विचारलं.

“मंग? पाव्हनाले कोरडं जेवाडू का?”

ललितनं डोक्याला हात लावला. तेवढ्यात शेजारून उखाभाऊ कुजबुजले. त्यांची कुजबूज बाहेरच्या पानवाल्यापर्यंत गेली. “मी कारखानाथून नाकतोडा आनस! लाईटवर भलता येतस. तंबाखूनी डबीमा!”

“बाबा!”

“एकच देस! रोज!”

मालतीबाईंना राहवलं नाही. “मंगलाबाई पानी भराले जास तवय मी एक देस. शेजारनं घर काय परकं शे का?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं की या उपाशी घरात आपणच एकटे माणुसकी जपून आहोत. मग सगळ्यांच्या नजरा ललितकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघता?” ललित म्हणाला. मग जिगरचा एक डोळा त्याच्याकडे वळला. “निजताना एखादा,” ललित जमिनीकडे पाहत म्हणाला. “तो बघतो हो, डॉक्टर.”

“ए तो जोशेज,” भूपेंद्रभाई म्हणाले. “बघणारच. डोळे आहेत त्याला. आता काही दिवस काही देऊ नका. फक्त पाणी. पावडर बंद. उतरी जशे. आणि लेप, मिरची काही नाही.” मिरचीचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, पण लुगड्यांना अजून वास येत होता.

दुपारी उज्ज्वला आली. ललितनं ठरवलं होतं की खरं सांगायचं, आणि तारीख गेली तर गेली. पण त्याला बोलायची वेळच आली नाही. तिनं बॅग दारातच ठेवली, पिंजऱ्याजवळ गेली, जिगरची मान पाहिली आणि वळली.

“कुणी?”

“मी,” ललित म्हणाला.

“नही, मी दिधं,” मंगलाबाई पुढे झाल्या. “पोऱ्याले काही बोलू नको, बेटा.”

“आमी समदास्नी!” उखाभाऊ ओरडले. जिगर काळा पडला.

उज्ज्वला खुर्चीवर बसली. तिचा चेहरा पाहून ललितच्या डोळ्यांसमोरून लग्नाचा मंडप, बँड आणि वाजंत्री अशी सगळी एकापाठोपाठ निघून गेली. मग ती कपाळ दाबून म्हणाली, “माझ्या आईनं हेच केलं होतं. दिवाळीला अशीच मान सुजली होती. आईला सांगून सांगून थकले. म्हटलं, ट्रेनिंगच्या काळात अशा घरी ठेवावा जिथं कुणी त्याचे लाड करणार नाही. ललित म्हणाला, आमच्या आईला सरड्याची किळस आहे. म्हणून तर मी तुमचं घर निवडलं!”

अशा वेळी मंगलाबाईंना एकच गोष्ट सुचते, ती त्यांनी केली. पानं वाढली. पहाटे उठून त्यांनी खापरावरचे मांडे केले होते, पुरण भरलेले, परातीएवढे. उज्ज्वलानं पहिला खाल्ला. नको नको म्हणत दुसराही खाल्ला. मंगलाबाई तिसरा उचलून निघाल्या.

“बास, आई,” उज्ज्वला म्हणाली. “खरंच बास.”

मांडा तिच्या ताटावर आला होता. मंगलाबाईंची नजर खिडकीकडे गेली. जिगर एका डोळ्यानं त्यांच्याकडे आणि दुसऱ्यानं मांड्याकडे पाहत होता, आणि त्याची मान उन्हात चांगलीच भरलेली दिसत होती. मंगलाबाई क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मांडा परत नेऊन टोपलीत ठेवला.

उखाभाऊंचा घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून त्यांनी वाढायला निघालेला मांडा परत जाताना पाहिला नव्हता. या वेळी ते ओरडलेसुद्धा नाहीत.

उज्ज्वलानं ते पाहिलं. तिनं ललितकडे वळून हळूच सांगितलं, “तारीख तीच राहू दे.” मग तिनं रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या मंगलाबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका पडला होता की तिला बघवेना.

“आई,” ती म्हणाली, “अर्धा चालेल.”

मंगलाबाई लगबगीनं टोपलीकडे गेल्या. त्यांनी मांड्याचे दोन भाग केले आणि मोठा अर्धा तिच्या ताटात वाढला.