उपाशी जावई आणि बचनागाचा हंडा

थान लेइचा बेत अगदी पक्का होता. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी दुआनकाकांकडे जेवायला जायचं, वाडग्यांवर वाडगे फस्त करायचे, वर दोनदा मागून घ्यायचं आणि म्हातारा खूश झाला की त्याच्या मुलीला, ह्वेइशानला, मागणी घालायची. खाण्यात आपल्याला हरवणारा चीनच्या अख्ख्या युन्नान प्रांतात जन्मला नाही, असं तो बसमध्ये शेजाऱ्याला सांगत आला होता!

काकांनी दारातच त्यावर पाणी फिरवलं.

"तू जेवायचं नाहीस!"

"म्हणजे?"

"हंड्यात त्साओवू आहे. एका माणसाला उपाशी ठेवतात. बाकीचे आडवे झाले, तर दवाखान्यात कोण नेणार? गाडी चालवता येते ना?"

त्साओवू म्हणजे आपल्या बचनागाचा सख्खा भाऊ. त्या डोंगरांत थंडी पडली की त्याची मुळं डुकराच्या पायांबरोबर शिजवून खातात. अंगात ऊब येते, गुडघे कुरकुरायचे थांबतात. पण आदल्या दिवसापासून मोठ्या जाळावर उकळायची, मध्येच झाकण काढायचं नाही, थेंबभरही गार पाणी घालायचं नाही, जेवताना दारू नाही, वारा नाही. यात कुठं चुकलं तर आधी जीभ बधिर होते, मग ओठ, मग बोटं, आणि मग नातेवाइकांना फोन जातात. जन्मभर डोंगर चढून टपाल वाटलेल्या काकांचे गुडघे या मुळांवरच चालले होते.

"तीस वर्षांत माझ्या हंड्यानं एकाचीही जीभ बधिर केली नाही!" काका छाती फुगवून म्हणाले.

"मग मला उपाशी कशाला ठेवता, काका?"

"रीत म्हणजे रीत!"

"दरवर्षी माझा नवरा उपाशी राहायचा," काकांची थोरली बहीण, म्हणजे ह्वेइशानची आत्या, सांगू लागली. "यंदा सकाळीच मित्राकडे पळाला मेला! म्हणे, त्यांच्याकडे नुसतं मटण आहे."

जेवायला बसताच आत्यानं रश्श्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगदी मिळमिळीत!"

थान लेइची कळी खुलली. खाऊन नाही तर नाही, वाढून जिंकू! घरून, म्हणजे चोंगछिंगहून, निघताना आईनं जिभेला मुंग्या आणणाऱ्या तिरफळाच्या तेलाची बाटली दिली होती. काका खिडक्या लावायला उठले आणि यानं बाटली हंड्यावर तिरकी केली. आधी चार थेंब पडले, मग बूच पडलं, मग अर्धी बाटली. त्यानं बूच काढून घेतलं, घाईघाईनं ढवळलं आणि हसतमुखानं सगळ्यांना वाढलं.

"आता कसं झणझणीत लागतंय!" आत्या म्हणाली. दोनचार घास झाले आणि ती एकदम थांबली. "अगंबाई, माझी जीभ कुठं गेली?"

"बाबा, माझे ओठ लागत नाहीत हाताला," ह्वेइशान म्हणाली.

काकांनी स्वतःची जीभ चिमटीत धरून ओढून पाहिली. चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "अक्का! हंड्यात गार पाणी ओतलंस!"

"मी? मी नुसतं झाकण काढून बघितलं!"

"झाकण काढलंस? मारलंस आम्हाला!"

झालं! आत्याच्या बोटांना मुंग्या आल्या, काकांचं काळीज गाढवासारखं लाथा झाडू लागलं. घरभर तिरफळाचा घमघमाट सुटला होता, पण भीतीला नाक कुठं असतं! थान लेइला मात्र दरदरून घाम फुटला.

"काका, ते... मी..."

"बोलू नकोस, गाडी काढ! तुला उपाशी ठेवला म्हणून वाचतोय! कशासाठी आलायस ते कळतं मला. जगलो तर पोरगी तुझी, सगळ्यांसमोर शब्द देतो!"

थान लेइचं उघडलेलं तोंड मिटलं. खरं सांगावं तर लग्न मोडतं. न सांगावं तर काय बिघडतं? कोणी मरत तर नव्हतं! त्यानं गाडी सुसाट सोडली. मागच्या सीटवर आत्यानं वाटण्या सुरू केल्या. "माझ्या कोंबड्या ह्वेइशानला! त्या मेल्याला पीससुद्धा देऊ नका!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दर हिवाळ्यात ही वरात पाहायची सवय होती. त्यांनी अंगठ्याएवढी जाड नळी काढली. "या विषाला उतारा नाही. आधी पोट धुवायचं, मग हृदयावर लक्ष ठेवायचं. पहिलं कोण?"

ह्वेइशान पुढे झाली. तिनं डोळे मिटून थान लेइकडे हात केला. "धर ना. भीती वाटतेय मला."

विश्वासानं पुढे केलेला तो हात त्याला धरवेना. लाजेनं तो जागच्या जागी अर्धा झाला.

"थांबा! विष नाही, तिरफळ आहे! मी ओतलं! अर्धी बाटली!"

त्यानं खिशातून बाटली काढून पुढे धरली. डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली, थेंबभर चाखलं. "हो, बधिर होतेय खरी जीभ."

"मग सोडा यांना!"

"कशी सोडू? तिरफळानं झाली की मुळानं, हे जीभ सांगते का? त्यात झाकणही काढलं म्हणता. नळी सगळ्यांना!"

काका ताडकन उठले. "गाढवा! तुला माझी पोर—" तोंड आयतंच उघडलेलं पाहून नर्सनं त्यांना बसवलं आणि नळी आत सारली.

ह्वेइशाननं डोळे पुसले. "बाबा, मघाचा शब्द मोडायचा असेल तर आत्ताच सांगा."

"ग्ग्ग्..."

"बोलू नका, नळी सरकेल!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"नाही म्हणाला का? नाही ना!" आत्यानं टाळी वाजवली. "ठरलं लग्न!"

थान लेइ लगबगीनं पुढे होऊन कमरेत वाकला. सासऱ्यानं हात उचलला. तो आशीर्वादासाठी होता की थोबाडीत देण्यासाठी, ते कळायच्या आत नर्सनं तो पकडला आणि त्यात सलाइनची सुई खुपसली.