जलदूताची जागा चुकली

जबलपुरातल्या केवटताल या तलावाची प्रकृती गेली एकोणीस वर्षे कागदोपत्री समाधानकारक होती. ती तशीच आहे याची खात्री करून घेण्यासाठी तलावात 'जलदूत' सोडण्यात आला. हा यंत्रमानव आपला आपण पोहत असे, पाण्यातला प्राणवायू मोजत असे आणि दर अर्ध्या तासाला काठावरच्या फलकावर हिरवा किंवा लाल दिवा लावत असे. नारळ फुटला, हार घातला गेला, आणि महापालिकेच्या साहेबांचे भाषण चालू असतानाच दिवा लाल झाला.

खुलासा मागितला गेला शैलजा बोकारे यांच्याकडे. त्या जलपरीक्षण कक्षात कनिष्ठ रसायनतज्ज्ञ होत्या. पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलेला नाही, असे त्यांनी लिहून दिले. साहेबांनी शेरा मारला : जुन्या नोंदींवर सही आहे, यंत्राच्या नोंदीवर नाही, सबब यंत्राची नोंद ग्राह्य नाही. तेव्हापासून शैलजाताई दिवसाला अठ्ठेचाळीस सह्या करू लागल्या. त्यामुळे लाल दिवा अधिकृत झाला, आणि अधिकृत प्रदूषणाला पंधरा दिवसांत दोषी शोधणे नियमाने भाग होते.

तलावात शिंगाड्याच्या वेली लावणाऱ्या रामकली बर्मन यांना वाचता येत नव्हते, पण लाल रंग कळत होता. सहा वर्षे त्यांच्या वेली सडत होत्या. आता मशीनही तेच सांगते आहे, तर तलावात येणारे घाण पाणी बंद होणार का, असे विचारायला त्या कचेरीत आल्या. तुमची ती तक्रार आणि मशीनची ती माहिती, दोहोंचा स्वतंत्र विचार होईल, असे त्यांना सांगण्यात आले.

घाणीचा उगम शोधण्याचे काम जलदूतावरच सोपवले. दोषी म्हणून रामकलीचे नाव घालून पंचनामा आधीच तयार होता. फक्त तारीख रिकामी ठेवली होती. काठावरून शैलजाताई आणि रामकली बघत असताना जलदूत तिच्या वेलींमधून न थांबता निघाला, धोबीघाटाला वळसा घालून पलीकडे गेला आणि शुभांगन वसाहतीच्या भिंतीतून निघालेल्या जाड पाइपासमोर जाऊन उभा राहिला.

शुभांगनमध्ये दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची तेहेतीस मराठी घरे होती. सात नंबरचे शैलजाताईंचे. त्याच संध्याकाळी सभा भरली. अध्यक्ष बाबाराव गुडधे यांनी तीस वर्षे तोफगोळ्यांची गुणवत्ता तपासली होती.

"शैलजाताई, तुमचं मशीन काहून आपल्याच पाइपासमोर उभं राहून राहिलं?"

"घाण तिथून येते, काका."

"पाइप आपला आहे, मान्य. पण घाण वाहती आहे. वाहत्या गोष्टीवर मालकी कशी धरायची?"

तलावाच्या वासाविरुद्ध दरवर्षी अर्ज करणाऱ्या याच मंडळींनी मग नवा अर्ज लिहिला : सदर यंत्र सभ्य वसाहतीकडे टक लावून पाहते. एका बाईंना तर धास्ती होती, की यजमानांच्या मधुमेहाच्या गोळ्या उद्या फलकावर झळकतील. बत्तीस सह्या झाल्या. शैलजाताई दोन दिवस अडून बसल्या. तिसऱ्या दिवशी, त्यांची लेक प्रणोती हिच्या साखरपुड्याला वसाहतीचा हॉल मिळणार नाही असे कळले, आणि लेकीचा चेहरा पाहून त्यांनी तेहेतिसावी सही केली.

साहेबांनी अर्ज मंजूर केला. यंत्र निर्दोष, फक्त जागा चुकली, असा निष्कर्ष निघाला. जलदूताला कचेरीच्या बागेतल्या कारंज्याच्या टाक्यात बसवले. केवटतालाचा फलक त्याच क्षणी हिरवा झाला आणि तो तसाच राहिला. मात्र आधीच्या लाल नोंदी सहीच्या होत्या. त्यांना दोषी हवाच होता. पंचनाम्यावर तारीख पडली.

सात दिवसांत वेली काढण्याची नोटीस घेऊन शैलजाताईच काठावर गेल्या. रामकलीने ती त्यांच्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतली.

"दीदी, मशीन तो मेरी बेल में से निकल गई थी. रुकी नहीं. आपने भी देखा था."

"देखा था," शैलजाताई म्हणाल्या, आणि शाईचा पॅड पुढे केला.

रामकलीने अंगठा उमटवला, साडी खोचली आणि पाण्यात उतरून वेली ओढायला लागली. शैलजाताईंनी नोटिशीची प्रत पिशवीत ठेवली. मग घरी गेल्या.

बोटाला लागलेली शाई त्यांनी साबणाने तीनदा धुतली. बेसिनमधले निळे पाणी गरगरत झटकन नाहीसे झाले. ते कुठे गेले, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही.